टेबलावरचं डोकं

मी निवृत्त झाले तेव्हा आमच्याच मजल्यावरच्या एका बाईंनी मला विचारलं, "तुम्ही नक्की काय करायचात हो?" इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहून त्यांची समजूत होती की मी कुठल्यातरी शाळेत चित्रकला शिकवते. मी म्हटलं, मी प्रदर्शनं आणि संग्रहालयं उभी करायचे. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे मांडामांड." मला राग आला. पण घरी येऊन विचार केला तर शब्द अगदी बरोबर होता. जन्मभर मी मांडामांडच केली. कुणाच्या तरी आजोबांचं पेन काचेखाली ठेवायचं, वरून पिवळा दिवा सोडायचा, बाजूला चार ओळी लावायच्या, की लोक आपोआप आवाज खाली आणून बोलायला लागतात. तेच पेन घरात टेबलावर पडलेलं असतं तर त्याने कुणीतरी कॅलेंडरवर गॅस संपल्याची तारीख लिहिली असती.

या धंद्यात गिऱ्हाईक आपल्याला काय हवंय ते कधीच सांगत नाही. बहुतेकदा त्यालाही ते माहीत नसतं. एका कारखानदारांना त्यांच्या वडिलांचा असा चेहरा हवा होता की तो दालनात फिरणाऱ्या प्रत्येकाकडे बघत राहील. हे सोपं असतं. चेहरा फुगीर न करता उलटा, आत गेलेला, साच्यासारखा पोकळ करायचा आणि त्यावर खालून उजेड टाकायचा. आपला मेंदू पोकळ चेहरा मानायला तयारच होत नाही, तो त्याला फुगीर ठरवतो, आणि मग आपण चाललो की तो चेहराही आपल्याबरोबर वळतोय असं दिसतं. आम्ही तो बसवला. कामगार काही बिचकले नाहीत, पण मालक स्वतः त्या दालनातून जायचे बंद झाले. महिन्याभराने त्यांचा फोन आला, वडिलांची नजर जरा खिडकीकडे वळवता येईल का.

त्या चेहऱ्यामुळेच मला ते काम मिळालं ज्याबद्दल इथे लिहायचं आहे. कॉटन ग्रीनला कापसाचं एक जुनं गोदाम एका ट्रस्टने भाड्याने घेतलं होतं आणि तिथे त्यांना लहान मुलांसाठी जादू आणि दृष्टिभ्रम यांचं संग्रहालय करायचं होतं. ट्रस्टचे प्रमुख राजाध्यक्ष साहेब, दादरचे, मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले. माणूस सज्जन, उत्साही आणि वक्तशीर. फक्त 'इंटरॅक्टिव्ह' या शब्दाचं त्यांना फार वेड. बाक इंटरॅक्टिव्ह हवं, जिना इंटरॅक्टिव्ह हवा, पाण्याचा कूलरसुद्धा इंटरॅक्टिव्ह करता येईल का, असं त्यांनी एकदा गंभीरपणे विचारलं होतं. मी म्हटलं, साहेब, कूलरचा नळ दाबला की पाणी येतं, तो आहेच इंटरॅक्टिव्ह. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

आता माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे पुढची गंमत कळेल. मी परळच्या चाळीतली. आम्ही बौद्ध, घरात देव्हारा नाही, अंगारा-धुपारा नाही. वडील गिरणीत. वस्तीत एखादा बाबा हवेतून अंगारा काढून दाखवायला आला की आमचे बाबा शांतपणे त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहायचे. ते तिथे उभे राहिले की त्या बाबाच्या हवेतला अंगारा संपायचा. गणपतीत मात्र ते मला लालबागला हमखास न्यायचे. देवासमोर थांबायचे नाहीत, देखाव्यासमोर थांबायचे. मला खांद्यावर घेऊन विचारायचे, सांग, राक्षसाचा हात हलवणारी मोटर कुठं लपवलीय? अशा माणसाची मुलगी मोठी होऊन मोटरी लपवायला लागली. बाबा असते तर माझ्याकडे बघून नुसते हसले असते.

माझ्याबरोबर कामाला शशिकांत मेस्त्री होते. मूळचे कणकवलीकडचे, जन्म मात्र लालबागचा. घराणं सुतारांचं, आणि मेस्त्रींची हयात गणपतीचे हलते देखावे करण्यात गेलेली. जुन्या टॅक्सीच्या वायपरच्या मोटरवर हा माणूस राक्षसाचं मुंडकं उडवून परत जागेवर आणायचा, आणि तेही दहा दिवस न थांबता. डिग्री घेतलेली मुलं माझ्याकडे पुष्कळ होती. पण 'तीन महिन्यांनी करू' न म्हणता 'मंगळवारी देतो' म्हणणारे एकटे मेस्त्री. अर्थात कुठला मंगळवार ते कधी सांगायचे नाहीत.

आम्ही कललेली खोली केली, जिच्यात एका कोपऱ्यातला मुलगा राक्षस दिसतो आणि दुसऱ्या कोपऱ्यातला उंदराएवढा. आरशांचा बोगदा केला. हवेत लटकलेला नळ केला, ज्यातून पाणी पडत राहतं. आणि प्रत्येकाच्या मागे दुसरी खोली, जिथे मुलांनी जाऊन हे कसं होतं ते बघायचं. दरवाज्यावर पाटी लावली, 'इथे चमत्कार नाहीत, इथे कारणं आहेत.' पाटी माझीच. मेस्त्रींनी ती खिळे ठोकून लावली, चार पावलं मागे जाऊन सरळ आहे का बघितलं आणि मग तिच्याखालीच नारळ फोडला. खोबरं सगळ्यांनी खाल्लं.

सगळ्यात मधल्या दालनात आम्हाला बोलतं डोकं ठेवायचं होतं. ही फार जुनी करामत आहे, जत्रेत आणि नाटकात पूर्वी असायची. एक टेबल, त्यावर एक जिवंत डोकं, आणि टेबलाखाली काहीही नाही. प्रत्यक्षात टेबलाच्या पुढच्या पायापासून दोन्ही बाजूंच्या पायांपर्यंत तिरके आरसे बसवलेले असतात. आरशात दिसतो बाजूचा पडदा, आणि बघणाऱ्याला वाटतं की टेबलाखालून आरपार मागचा पडदा दिसतोय, कारण दोन्ही एकाच कापडाचे. आरशांच्या मागे माणूस पाय दुमडून बसतो, फळीला पाडलेल्या भोकातून डोकं वर काढतो. बस, एवढंच. कळल्यावर प्रत्येकाला वाटतं की हे मलाही सुचलं असतं.

आरसे किती उंचीच्या नजरेसाठी बसवायचे, ते मेस्त्रींना ठरवायचं होतं. मी म्हटलं, बघणारी मुलं आहेत, मुलांच्या डोळ्यांची उंची धरा. मेस्त्रींनी टेप काढली नाही. आपल्या डोक्याच्याही वर हात नेला आणि म्हणाले, "एवढी."

मी विचारलं, मुलं इतकी उंच कधीपासून झाली.

"मॅडम, पोर खंय असता? बापाशीच्या खांद्यार."

मला ते इतकं पटलं की मी मान डोलावली. त्यांनी आयुष्यभर देखाव्यासमोर जी मुलं बघितली ती बापाच्या खांद्यावर बसलेली होती, आणि मी जे देखावे बघितले तेही तिथूनच. आम्हा दोघांच्याही डोक्यात मूल ही मोठ्या माणसापेक्षा उंच गोष्ट होती. पुढे काय झालं ते सांगते, पण आधी डोक्याची ओळख करून द्यायला हवी.

ते डोकं म्हणजे कुंदाताई. राहायला गिरगावात, वय सत्तरीला टेकलेलं, केसांना मेंदी, ओठांना गडद लिपस्टिक आणि जिभेला लगाम नाही. त्यांचे यजमान जादूचे खेळ करायचे, शाळांच्या हॉलमध्ये, वाढदिवसांना, गिरण्यांच्या स्नेहसंमेलनांत. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. जाहिरातीवर नाव यजमानांचं, फोटो यजमानांचा. कुंदाताई म्हणजे 'बाई गायब' या खेळातली बाई. तो खेळ त्यांनी मला टेबलावर काडेपेटी ठेवून समजावून सांगितला. कपाटात बाई जाते, दार लागतं, जादूगार कांडी फिरवतो, दार उघडतं तर बाई नाही. बाई कुठेही गेलेली नसते. ती त्याच कपाटात, फळीमागच्या वीतभर जागेत, गुडघे हनुवटीला लावून बसलेली असते. टाळ्या पडतात, जादूगार वाकून नमस्कार करतो, पुन्हा टाळ्या पडतात, पुन्हा तो नमस्कार करतो, आणि पडदा पडेपर्यंत बाई आतच. "आमचे हे फार विनयशील होते," कुंदाताई म्हणाल्या. "नमस्कार आटपायचेच नाहीत."

मी त्यांना कामाचं सगळं सांगितलं. शनिवार-रविवार बसायचं, सलग फार वेळ नाही, मध्ये विश्रांती. त्यांनी एकच अट घातली. ट्रस्टच्या समितीने डोक्यासाठी भाषण लिहिलं होतं, 'नमस्कार बालमित्रांनो' अशी सुरुवात आणि मग प्रकाशाचं परावर्तन. कुंदाताईंनी तो कागद वाचला, घडी घातली आणि डगमगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सारला.

"तीस वर्षं मी स्टेजवर गप्प होते, अहो बाई. आता नुसतं तोंडच ठेवताय, तर त्याला बोलू द्या."

आणि त्या बोलल्या. तालमीला आमचे इलेक्ट्रिशियन, रंगारी, चहावाला, जो येईल तो प्रश्न विचारायचा. पोट नाही तर खातेस कशी? "तुझ्यासारखीच, दुसऱ्याच्या डब्यातलं." झोपतेस कशी? "उशीवर डोकं टेकून. तू काय उशीवर पाय ठेवून झोपतोस?" लग्न झालंय का? "झालं होतं. गळ्यापर्यंतच टिकलं." रंगाऱ्याच्या हातातला ब्रश हसून हसून खाली पडला. दुपारी टेबलाखालून निघताना त्या गुडघा चोळत दोन मिनिटं उभ्या राहायच्या आणि मी बघतेय असं दिसलं की लगेच चालायला लागायच्या. एकदा चहा पिताना त्यांनी सांगितलं की घरी मुलगा, सून, दोन नातवंडं, आणि चौघंही मोबाइलमध्ये. "मी काही बोलले की आवाज कमी कर म्हणतात. घरात दुसरा टीव्ही लावल्यासारखं." इथे मात्र लोक समोर उभे राहून त्यांचं ऐकत होते, आणि त्या दिवसेंदिवस तरुण होत चालल्या होत्या. हे मी कौतुकाने म्हणत नाही, मला त्यांचा थोडा हेवाच वाटत होता.

मग स्क्रीनवाले आले. दोन मुलगे, एक लॅपटॉप आणि एक उभा काचेचा पडदा. त्यावर एक बाईचं डोकं होतं, तुकतुकीत, सुरकुती नाही, केस जागच्या जागी. कुठल्याही भाषेत प्रश्न विचारा, ते उत्तर देत होतं, आणि प्रत्येक उत्तराच्या आधी म्हणत होतं, "तुमचा प्रश्न खूपच छान आहे." राजाध्यक्ष साहेबांनी तिला किती वाजले विचारलं. तोही प्रश्न खूपच छान निघाला.

कुंदाताई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "हिला कधी कंटाळा येत नाही का?"

"नाही ना. दॅट्स द ॲडव्हान्टेज," साहेब म्हणाले.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. स्क्रीनला सुट्टी लागत नाही, तिचे गुडघे दुखत नाहीत, ती चार भाषा बोलते. आणि मुख्य म्हणजे डिग्निटी. एका वयस्कर बाईला टेबलाखाली बसवायचं हे बरं दिसत नाही, उद्या कुणी फोटो काढून टाकला तर? ते मनापासून बोलत होते, कुंदाताईंची काळजी त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. माणसाला घालवायचं असलं की त्याचा मान राखून घालवावं, असं त्यांच्या कंपनीत शिकवलं असणार.

"डिग्निटी म्हणजे घरी बसणं का हो?" कुंदाताईंनी विचारलं. साहेबांनी स्क्रीनवाल्यांना चहा सांगितला.

मी मध्ये पडले. म्हटलं, आपण आधी चाचणी घेऊ. तशी एक झालीही. ट्रस्टची सगळी मंडळी आली, त्यांच्या सौभाग्यवती आल्या, एक माजी नगरसेवक आले, कुणाचे तरी चार्टर्ड अकाउंटंट आले. मुलांच्या संग्रहालयाच्या चाचणीला एकही मूल नव्हतं, कारण काम चालू असलेल्या जागी मुलांना आणणं सेफ नाही, असा ट्रस्टचा ठराव होता. सगळे टेबलापुढच्या कठड्याशी उभे राहिले आणि चाट पडले. सीए टेबलाखाली कुठे फट आहे ते उभ्याउभ्याच शोधत राहिले. एका वयोवृद्ध विश्वस्तांनी तर सवयीने हात जोडले. डोक्याने त्यांना "सुखी राहा" म्हटलं.

पण साहेबांना घोर होता तो मुलांचा. ते म्हणाले, मोठे फसतात, मुलं फसायला हवीत, मागच्या खोलीत कारण कळेल ते नंतर. काम संपलं की एका शाळेचा एक वर्ग आणू. एकाही मुलाने पकडलं की कुंदाताईंचा सत्कार करून त्यांना निरोप द्यायचा आणि स्क्रीन लावायची. शाल-श्रीफळाची सोय त्यांनी लगेच वहीत लिहिली.

त्या दिवशी सकाळी मेस्त्रींनी माझ्या त्याच पाटीखाली पुन्हा नारळ ठेवला आणि मालवणीत रीतसर गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा" पासून सुरू करून, कुंदाताईंचं डोकं टेबलावर सुखरूप राहू दे, कुणा पोराची नजर खाली जाऊ देऊ नकोस, स्क्रीनवाल्यांची काच त्यांच्या घरी जाऊ दे, असं सगळं देवाच्या कानावर घातलं. प्रत्येक वाक्याला आमचे सुतार-रंगारी "व्हय म्हाराजा" म्हणत होते. मी देव मानत नाही. पण त्या दिवशी मीही "व्हय म्हाराजा" म्हटलं. मतदान चालू होतं आणि मला कुंदाताईंच्या बाजूने मत द्यायचं होतं.

जवळच्याच एका पालिका शाळेचा चौथीचा वर्ग आला. मी आणि मेस्त्री मागच्या पडद्याआड उभे होतो, तिथून एका चिरेतून सगळं दिसायचं. राजाध्यक्ष साहेब हात मागे बांधून भिंतीशी. रांग कठड्यापुढून यायची, डोक्याशी बोलायची, मग उजवीकडच्या पडद्याला वळसा घालून त्याच्या पलीकडून बाहेर जायची. रांग अशी वळवायची हे मेस्त्रींचंच डोकं, मंडपातली सवय. पहिली दहा-बारा मुलं आली, डोळे मोठे करून बघून गेली. एकाने विचारलं, तुला शाळेत जावं लागतं का? "डोक्याला कशाला शाळा? दप्तर कुठं अडकवू?" वर्ग खिदळला. साहेबांनीही हसू दाबलं. मेस्त्रींनी माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

मग एका मुलीचा मोजा घसरला.

दोन वेण्या, त्यातली एक सुटत आलेली. मोजा वर ओढायला ती खाली बसली आणि बसल्या जागी थांबली. आम्हाला तिचा नुसता भांग दिसत होता. मग तिचा आवाज आला.

"ए ओमकार, पाय हलव."

पलीकडून, पडद्यामागून, ओमकार म्हणाला, "का?"

"हलव ना."

मेस्त्रींचा चेहरा पांढरा पडला, आणि एका क्षणानंतर मलाही कळलं. मंडपाचा पडदा जमिनीला टेकवायचा नसतो. रस्त्यावरचं पाणी लागून तो सडतो, म्हणून लालबागचा कुठलाही माणूस तो वीतभर वर ठेवतो. गोदामात ना रस्ता ना पाणी, पण हाताला सवय. उभ्या माणसाची नजर आरशात वरून पडते, तिला पडद्याखालून नुसतं जाजम दिसतं. खाली बसलेल्या मुलाची नजर आडवी जाते, थेट पडद्याखालच्या त्या फटीतून पलीकडे. म्हणजे त्या मुलीला टेबलाखाली, जिथे काहीच असायला नको तिथे, वर्गातल्या मुलांचे चालणारे पाय दिसत होते, आणि त्यात ओमकारच्या निळ्या रबरी चपला. त्याने बहुतेक उडी मारली असावी, कारण मुलगी खुदकन हसल्याचं ऐकू आलं. विश्वस्त, नगरसेवक, सीए, मी, यांतलं कुणीही तिथे खाली बसलं नव्हतं. मुलं उभी राहतच नाहीत, ती बसतात, वाकतात, लोळतात, आणि हे आम्ही सगळे, कधीतरी मुलं असूनही, साफ विसरलो होतो.

राजाध्यक्ष साहेब पुढे आले. "काय झालं बेटा? काय दिसलं तुला?"

मुलगी उभी राहिली. तिने साहेबांकडे बघितलं, मग डोक्याकडे. कुंदाताईंना सगळं समजलं होतं. पण टेबलावरच्या डोक्याला हात नसतो, खूण करता येत नाही, ओठ हलवले तर साहेबांना दिसले असते. त्या नुसत्या त्या मुलीकडे बघत राहिल्या. मला डोळ्यांपुढे ती शाल दिसायला लागली.

"काही नाही," मुलगी म्हणाली.

"खाली काही दिसलं नाही? मग हिचं बाकीचं अंग कुठाय?"

"गावाला गेलंय."

साहेब इतके खूश झाले की त्यांनी शिक्षिकेला जवळ बोलावून सांगितलं, बघा, बघा इमॅजिनेशन, ह्याला म्हणतात इंटरॅक्टिव्ह. आणि त्यांनी वही काढून 'गावाला गेलंय' लिहून घेतलं. ते वाक्य आता संग्रहालयाच्या माहितीपत्रकावर छापलेलं आहे. हा लेख साहेबांच्या हातात पडला तर, अशी भीती मला मेस्त्रींनी घातली होती. पण साहेब मराठी दिवाळी अंक दरवर्षी हौसेने विकत घेतात आणि वेळ मिळाला की वाचू म्हणून ठेवून देतात, तेव्हा तशी काळजी नाही.

ती मुलगी वळसा घालून पलीकडे गेली आणि वर्गात पुढे-मागे काहीतरी कुजबुज झाली असावी. कारण त्यानंतर जे जे मूल कठड्याशी आलं त्याच्या बुटाची नाडी सुटली. ज्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या त्यांच्याही सुटल्या. पोरं वाकायची, बघायची, उठायची आणि अतिशय सभ्यपणे डोक्याला विचारायची, गावाला आंबे आहेत का? अंग एसटीने गेलं की रेल्वेने? येताना फणस आणायला सांग. साहेब भिंतीशी उभं राहून मान डोलावत होते. त्या दालनात त्या वेळी फसलेला माणूस एकच होता. चाळीसेक पोरांना कुणी एका शब्दानेही शिकवलं नव्हतं आणि त्यांतलं एकही फुटलं नाही. मी जन्मभर लोकांना बघायला जागा करून दिली, पण बघितल्यावर गप्प राहणारा प्रेक्षक मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

वर्ग संपला. साहेब शिक्षिकेला पुढची दालनं दाखवायला निघाले, मुलंही रांगेने पुढे गेली. ती दोन वेण्यांची मुलगी तेवढी कठड्याशी रेंगाळली. इकडेतिकडे बघून ती कठड्याच्या दांड्याखालून आत आली आणि टेबलाला अगदी खेटून हळूच म्हणाली,

"आजी, आत पाय दुखतात का?"

डोक्याचं अंग असतं हे डोक्याने कधीही कबूल करायचं नाही, हा नियम कुंदाताईंनीच मला शिकवला होता. कुठल्याही प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर तयार असायचं. आम्ही त्याची वाट बघत होतो.

"दुखतात गं," त्या म्हणाल्या. "डावा जास्त."

"मग उठ ना."

"साहेब आहेत. ते गेले की उठेन."

मुलगी दाराशी गेली. चौकटीला टेकून, मान लांब करून बघत उभी राहिली. वर्गाच्या बाई पुढून तिला हाक मारत होत्या, तिने लक्ष दिलं नाही. पुढच्या दालनाचं दार बंद झाल्याचा आवाज आला तशी ती धावत परत आली, कठड्यावरून अर्धी आत वाकली आणि म्हणाली, "आजी, गेले. सोड पाय."

ती पळाली. कुंदाताई मागून बाहेर आल्या, मेस्त्रींच्या खांद्याचा आधार घेऊन त्यांनी डावा पाय लांब केला आणि जमिनीवर बसून रडायला लागल्या. मी त्यांच्याशेजारी बसले आणि मीही रडले. आमच्या पिढीतल्या बायकांना आपण का रडतोय हे एकमेकींना सांगावं लागत नाही. मेस्त्रींना कुठे बघावं ते कळेना, म्हणून ते पडद्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते त्याच कापडाची वीतभर रुंद झालर शिवून घेऊन आले. अपमान झाला होता माणसाचा. म्हणाले, शिडी द्या, पाच मिनिटांत फट बुजवतो, पुन्हा कुणाच्या बापाला पाय दिसायचे नाहीत. कुंदाताई टेबलाखाली जाऊन बसतच होत्या. तिथूनच त्यांनी डोकं वर काढलं.

"लावू नका, मेस्त्री. मग साहेब गेले ते मला सांगणार कोण?"